साखर कारखान्यात कार्बन पकडायचाच असेल, तर चिमणीआधी फर्मेंटरकडे बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. धाराशिव जिल्ह्यातला सहकारी साखर कारखाना, रोजचं गाळप ५,००० टन, जोडीला को-जन (उसाच्या चोथ्यावर चालणारं वीज केंद्र) आणि ६० केएलपीडीची, म्हणजे रोज ६० हजार लिटर इथेनॉल करणारी डिस्टिलरी. एका सल्लागाराने चेअरमनसाहेबांना सादरीकरण दाखवलं: बगॅस (उसाचा चोथा) जाळणाऱ्या बॉयलरच्या चिमणीला कार्बन कॅप्चर प्लँट जोडा, रोज १०० टन कार्बन डायऑक्साइड पकडा, त्याचे कार्बन क्रेडिट विका. एमडींनी अहवाल तुमच्या गळ्यात घातला. तुम्ही को-जनला असिस्टंट इंजिनिअर आहात, एम.टेक. झालंय, आणि विचारताय की हे खरंच जमतं का, आणि जमत असेल तर याच विषयात पीएच.डी. करावी का.

जमतं. त्यात शंका नाही. वायूंच्या मिश्रणातला कार्बन डायऑक्साइड अमाइनच्या (तो वायू धरून ठेवणाऱ्या रसायनाच्या) द्रावणाने वेगळा करण्याचं पेटंट १९३० सालचं आहे, आणि अमोनिया-युरियाचे कारखाने त्याच घराण्यातल्या पद्धतींनी वर्षानुवर्षं हा वायू वेगळा करत आलेत. पण एमडींना ‘जमतं का’ एवढंच कळून उपयोग नाही. कारखान्यात कार्बन डायऑक्साइड नेमका कुठून कुठून बाहेर पडतो, त्यातल्या कोणत्या जागी तो पकडणं परवडेल, आणि पकडल्यावर तो घेणार कोण, हे त्यांना कळायला हवं. तुमच्या प्रश्नात पहिल्याच जागेचं उत्तर गृहीत धरलंय: चिमणी. माझं सगळं म्हणणं त्या गृहीताबद्दलच आहे.

मी रासायनिक अभियांत्रिकीत संशोधन करते. काम मुख्यतः अमाइन द्रावणांवर: आधी प्रयोगशाळेतला स्तंभ, मग कारखान्याच्या खऱ्या धुरावर चालवलेला छोटा पायलट प्लँट. माहेर औशाकडचं, त्यामुळे गाळप हंगाम, मळी, बगॅसचे डोंगर हे सगळं पाठ्यपुस्तकाआधीच पाहिलेलं. तेव्हा चिमणीवरचा प्लँट हा माझ्या पोटापाण्याचाच विषय आहे, आणि तरीही तुम्हाला मी तिकडे आधी जाऊ नका, डिस्टिलरीच्या फर्मेंटरकडे (मळी आंबवण्याच्या टाकीकडे) आधी बघा म्हणतेय.

आधी चिमणीचा हिशेब करू, कारण सल्लागाराच्या स्लाइडवर तो बहुधा नसेल. ५,००० टन गाळपाला साधारण १,४०० टन बगॅस निघतो. त्यात निम्मं पाणी. उरलेल्या कोरड्या भागात सुमारे ४७ टक्के कार्बन. सगळा बगॅस जाळला तर दिवसाला जवळपास १,२०० टन कार्बन डायऑक्साइड चिमणीतून जातो. म्हणजे १०० टन पकडणं हे एकूण धुराचा बारावा हिस्सा पकडणं झालं. आकडा ऐकायला मोठा वाटतो, चिमणीच्या मानाने छोटा आहे. एवढ्यावरून ‘कारखाना कार्बनमुक्त’ असं कुणी छापायला निघालं तर तिथेच थांबवा.

आता तो पकडायचा कसा. धूर थंड करून घेतला की त्यात कार्बन डायऑक्साइड बारा-चौदा टक्के असतो. बाकी बहुतेक नायट्रोजन, शिवाय जास्तीच्या हवेमुळे पाच-आठ टक्के ऑक्सिजन. एक टन वायू मिळवायला साधारण पाच हजार घनमीटर धूर ब्लोअरने ओढून स्तंभातून वर ढकलावा लागतो. वरून अमाइनचं द्रावण खाली येतं, ४०-६० अंशांना कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं. मग ते द्रावण दुसऱ्या स्तंभात ११०-१२० अंशांना तापवायचं, म्हणजे ते वायू सोडतं आणि परत कामाला लागतं. खर्च या तापवण्यात आहे. ३० टक्के मोनोइथेनॉलअमाइनचं नेहमीचं द्रावण असेल तर टनामागे ३.५ ते ४ गिगाज्यूल उष्णता लागते. नव्या द्रावणांत ती तीनच्या खाली येते, पण अहवालात जुना आकडा धरा. विक्रेत्याचा नवा आकडा हमीपत्रावर आला तर बदलू.

हा आकडा तुमच्या भाषेत आणू. तीन बारच्या वाफेने ही उष्णता द्यायची तर एक टन कार्बन डायऑक्साइडला पावणेदोन टन वाफ. शंभर टनांना ताशी सात-आठ टन. तुमच्या कारखान्यात ताशी नव्वद-शंभर टन वाफ फिरत असेल, तेव्हा सात-आठ टन म्हणजे फार नाही, असं वाटेल. पण ही वाफ इव्हॅपोरेटरच्या (रस आटवणाऱ्या भांड्यांच्या) तोंडची काढून देता येत नाही, ती वरून जास्तीची बनवावी लागते. एक टन बगॅसला सव्वादोन टन वाफ धरली, तर पकडलेल्या प्रत्येक टनामागे पाऊण टन बगॅस जातो. दिवसाला पंचाहत्तर-ऐंशी टन. हंगामाच्या शेवटी जो बगॅस तुम्ही साठवून ठेवता किंवा विकता, त्यातून हा जाणार.

इथे एक ‘पण’ आहे, आणि तो तुमच्याच कारखान्यात बघावा लागेल. टर्बाइन बॅक-प्रेशरचं (सगळी वाफ पुढे कारखान्याला देणारं) असेल, तर ही जास्तीची वाफ आधी टर्बाइनमधून जाईल, वीज देईल आणि मग रिबॉयलरला (अमाइनचं द्रावण तापवणाऱ्या भागाला) येईल. तोटा थोडा भरून निघतो. एक्स्ट्रॅक्शन-कंडेन्सिंग (थोडी वाफ मध्येच काढून उरलेली कंडेन्सरला देणारं) असेल, तर तीच वाफ कंडेन्सरकडे गेली असती आणि वाटेत वीज देऊन गेली असती. ती वीज गेली, म्हणजे महावितरणला विकायची युनिटं गेली. पीपीएचा (वीज खरेदी कराराचा) दर किती, त्यावर हे परवडतं की नाही ते ठरेल. हे गणित सल्लागाराकडून घेऊ नका. तुमचं हीट अँड मास बॅलन्स शीट तुमच्याच टेबलावर आहे.

उष्णता झाली, आता द्रावणाची तब्येत. बगॅसच्या धुरात गंधक कमी असतं, ही चांगली बाजू. कोळशाच्या धुरात सल्फर डायऑक्साइड अमाइनला कायमचं बांधून टाकतो, तो त्रास इथे कमी. वाईट बाजू म्हणजे उडणारी बारीक राख आणि भरपूर ऑक्सिजन. राख स्तंभाच्या पॅकिंगमध्ये बसते, फेस आणते. ऑक्सिजन अमाइनला हळूहळू सडवतो, द्रावण पिवळ्याचं तपकिरी होत जातं आणि त्यासोबत कार्बन स्टीलचं गंजणं वाढतं. कोळशाच्या स्वच्छ केलेल्या धुरावरसुद्धा टनामागे दीड-दोन किलो अमाइन असं वाया जातं. ऑफ-सीझनला तुम्ही बॉयलरमध्ये कोळसा घालत असाल, तर वर्षातून दोनदा धुराचा स्वभाव बदलणार आणि प्लँट दोन्हींसाठी बांधावा लागणार. स्पेंटवॉश (डिस्टिलरीचं सांडपाणी) जाळणारा इन्सिनरेशन बॉयलर असेल तर त्याच्या धुराचा विचारही करू नका. त्या राखेत इतकं पोटॅश असतं की ती खत म्हणून विकली जाते. तुमच्याच ट्यूबांवर ती कशी चिकटते, ते तुम्ही बघतच असाल.

आणि पाणी. मराठवाड्यात हा परिच्छेद वगळून कोणताही अहवाल पुरा होत नाही. रिबॉयलरला दिलेली सगळी उष्णता शेवटी कूलिंग टॉवरमधून बाहेर काढावी लागते. तेवढ्यासाठीच टनामागे सुमारे दीड हजार लिटर पाणी वाफ होऊन जातं, शंभर टनांना दीड लाख लिटर रोज. गावात मे महिन्यात येणारा टँकर दहा-बारा हजार लिटरचा असतो, भागाकार तुम्ही करा. न्यायाने हेही सांगायला हवं की हंगामात कारखान्याला पाण्याची ओढ तितकी नसते, कारण उसातच सत्तर टक्के पाणी येतं, आणि बगॅसचा ओला धूर थंड करताना त्यातलंही पाणी खाली पडतं. पण ते कंडेन्सेट आधीच डिस्टिलरीच्या डायल्यूशनला आणि टॉवरला लावलेलं असतं. पाण्याअभावी काय होतं ते जवळच पाहायला मिळालंय: परळीचं औष्णिक वीज केंद्र २०१५ च्या जुलैत पाणी नाही म्हणून बंद ठेवावं लागलं, आणि पुढच्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तशा एखाद्या वर्षी कॅप्चर प्लँट सगळ्यात आधी बंद होईल, आणि व्हायलाही हवा.

प्रमाण लक्षात यावं म्हणून दोन-तीन उदाहरणं. एनटीपीसीने विंध्याचलच्या कोळसा केंद्रात २०२२ मध्ये जे कॅप्चर युनिट सुरू केलं ते दिवसाला २० टनांचं. टाटा स्टीलने जमशेदपूरला २०२१ मध्ये ब्लास्ट फर्नेसच्या वायूवर बसवलं ते दिवसाला ५ टनांचं. तुमचा सल्लागार एका सहकारी कारखान्याला एकदम १०० टन सांगतोय. मोठं युनिट होत नाही असं नाही. तुतिकोरिनला सोडा अॅश बनवणाऱ्या कारखान्यात कोळशाच्या बॉयलरच्या धुरावर वर्षाला ६०,००० टनांच्या घरातलं युनिट २०१६ मध्ये बसलं. पण तिथलं गणित बघा: सोडा अॅश बनवायला कार्बन डायऑक्साइड कच्चा माल म्हणून लागतोच. गिऱ्हाईक फाटकाच्या आत होतं. तुमच्या फाटकाच्या आत असं कोण आहे?

आता फर्मेंटरकडे या. मोलॅसिसमधली (मळीतली) साखर यीस्ट खातं तेव्हा जितकं अल्कोहोल बनतं, जवळजवळ तितक्याच वजनाचा कार्बन डायऑक्साइड सुटतो: ९२ ग्रॅम अल्कोहोलला ८८ ग्रॅम. लिटरचा हिशेब केला तर एका लिटर इथेनॉलमागे सुमारे पाऊण किलो. ६० केएलपीडी म्हणजे कागदावर रोज ४५ टन. फर्मेंटर भरताना आतली हवा निघून जाईपर्यंतचा वायू सोडून द्यावा लागतो, शेवटी शेवटी तो मंदावतो, गळती असते, म्हणून हाती तीन चतुर्थांश धरा. रोज ३३-३४ टन. आणि हा वायू पाण्याची वाफ सोडली तर ९८-९९ टक्के शुद्ध. चिमणीतून कार्बन डायऑक्साइड काढणं म्हणजे पोतंभर भुशातून मूठभर ज्वारी वेचणं. फर्मेंटरवर यीस्टने ज्वारी पाखडून सुपात ठेवलेली आहे, आणि आपण ते सूप रोज उकिरड्यावर पालथं घालतो.

म्हणजे वेगळं करण्याचा जो खर्च मी वर चार परिच्छेद मोजला, तो इथे जवळपास शून्य. उरतं ते स्वच्छ करणं, दाबणं आणि थंड करून द्रवरूप करणं. हे चिमणीच्या वायूलाही करावंच लागतं, ते सल्लागार बहुधा वेगळ्या स्लाइडवर ठेवतात. क्रम साधारण असा: फर्मेंटरचं झाकण बंद, वायू आधी पाण्याच्या स्क्रबरमधून (अल्कोहोल परत मिळवायला बऱ्याच डिस्टिलऱ्यांत तो असतोच), मग ऑइल-फ्री कॉम्प्रेसरने १८-२० बारपर्यंत, मग सक्रिय कोळसा, ड्रायर, आणि अमोनियाच्या रेफ्रिजरेशनने उणे २०-२५ अंशांना द्रव. वीज टनाला १५० ते २०० युनिटं. तुमच्या ३४ टनांना दिवसाला सहा हजार युनिटांच्या आसपास, म्हणजे सलग अडीचशे किलोवॉटचा भार. को-जनवाल्याला हा भार काही जड नाही.

रेफ्रिजरेशन कशाला, नुसतं दाबून भागणार नाही का, असं तुमच्या मेकॅनिकल विभागातून कुणीतरी विचारेल. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर कितीही दाबला तरी द्रव होत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे कूलिंग टॉवरचं पाणीच त्याच्या आसपास असतं. थंड देशात चालणारी काटकसर इथे चालत नाही.

आता फर्मेंटरच्या वायूतली खरी अडचण, जी बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसते. आपले बहुतेक कारखाने पांढरी साखर डबल सल्फिटेशनने बनवतात. रसात सोडलेल्या सल्फर डायऑक्साइडचा अंश सल्फाइटच्या रूपाने मोलॅसिसपर्यंत उतरतो. यीस्ट त्याचं हायड्रोजन सल्फाइड करतं. म्हणून मोलॅसिसवर चालणाऱ्या फर्मेंटरचा वायू मक्यावर चालणाऱ्या फर्मेंटरपेक्षा गंधकाने जास्त मळलेला असतो, आणि तुम्ही हंगामात सिरप किंवा बी-हेवी (साखर अर्धवट काढलेली मळी), नंतर सी-हेवी (साखर पुरती काढलेली मळी) घेत असाल तर त्याचा दर्जा महिन्यागणिक बदलतो. शीतपेयवाल्यांची कसोटी फार कडक असते: ९९.९ टक्के शुद्धता, एकूण गंधक दशलक्षात ०.१ भाग, अॅसिटाल्डिहाइड ०.२ भाग. वेल्डिंगला किंवा अग्निशामकाला एवढं लागत नाही, तिथे आयएस ३०७ हे भारतीय मानक पुरतं. कोणता ग्राहक, यावर गंधक शोषणाऱ्या सक्रिय कोळशाचे टॉवर किती आणि ते किती दिवसांनी बदलायचे हे ठरतं. सादरीकरणातला खर्च ‘फूड ग्रेड’चा आहे की ‘इंडस्ट्रियल’चा, हे लेखी विचारा. दोन्हींत बराच फरक पडतो.

दुसरी एक जागा सहज राहून जाते. स्पेंटवॉश किंवा प्रेसमडपासून (रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळापासून) बायोगॅस करून सीबीजी (शुद्ध करून दाबलेला बायोगॅस) विकण्याचा प्लँट तुमच्याकडे असेल किंवा यायचा असेल, तर तिथे कार्बन डायऑक्साइड आधीच वेगळा होतो. बायोगॅसमध्ये तो ३५-४० टक्के असतो आणि मिथेन ९० टक्क्यांच्या वर नेल्याशिवाय सीबीजी विकताच येत नाही. वेगळा केलेला वायू नंतर हवेत सोडला जातो. वेगळं करण्याचा खर्च मिथेनने भरलेला आहे. फक्त त्यासोबत थोडं मिथेन निसटतं, ते बघावं लागेल. फर्मेंटरचं युनिट बांधाल तेव्हा कॉम्प्रेसरच्या आधी एक जास्तीची जोडणी ठेवायला सांगा, एवढं पुरे.

तेव्हा क्रम झाला: फर्मेंटर, मग सीबीजी, चिमणी सगळ्यात शेवटी. चिमणीवरचा अमाइन प्लँट निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. सिमेंटमध्ये निम्म्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड चुनखडीतूनच येतो, इंधन बदलून तो जात नाही, तिथे पकडण्याशिवाय मार्गच नाही. परळीसारख्या केंद्रात तोच प्रश्न वेगळ्या मापाने येतो. उलट जालन्याच्या सळई कारखान्यांतून मला हाच प्रश्न विचारतात तेव्हा मी चक्क नाही म्हणते. तिथे इंडक्शन फर्नेस विजेवर चालते, कार्बन निघतो तो वीज केंद्राच्या चिमणीतून. जालन्यात पकडायला फारसं काही नाहीच, त्यांनी विजेचा करार बदलावा.

आता कोण घेणार. इथे मी आकडे देणार नाही, कारण दर महिन्यागणिक आणि अंतरागणिक बदलतात, आणि ते फोन करून तुम्हीच काढायचे आहेत. सोलापूर तुम्हाला सत्तर किलोमीटरवर, हैदराबाद तीनशेच्या घरात, संभाजीनगरजवळचं वाळूज-शेंद्रा दोनशेच्या वर. संभाजीनगरच्या बिअर कारखान्यांकडे बघून ‘बघा, गिऱ्हाईक तयारच आहे’ असं कुणी म्हणेल. पण बिअर बनवतानाही तोच वायू सुटतो, आणि मोठे कारखाने आपला आपण पकडतात. खरे ग्राहक म्हणजे शीतपेयांचे बॉटलिंग प्लँट, वेल्डिंगचा वायू भरणारे, ड्राय आइसवाले, अग्निशामक सिलिंडर भरणारे. शीतपेयांची मागणी मार्च ते जूनमध्ये चढते. तुमची डिस्टिलरी तेव्हा चालू असते का? डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने बंधन घातलं आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ते उठवलं. त्या मधल्या काळात तुमची डिस्टिलरी किती दिवस उभी होती, तो आकडा अहवालात घाला. वर्षाला ३०० दिवस धरून केलेलं गणित १८० दिवसांवर कोलमडतं का, हे चेअरमनसाहेबांना आधी दिसलेलं बरं. ऊस कमी असलेल्या वर्षी मक्यावर चालवायची सोय असेल तर चित्र पुष्कळ सुधारतं.

खरेदीदाराकडून लेखी हमी, निदान निम्म्या मालाची, मिळाल्याशिवाय टाकीची ऑर्डर देऊ नका. प्रेशर टाकी आणि टँकरसाठी नागपूरच्या पेसोची (केंद्राच्या स्फोटक सुरक्षा संघटनेची) परवानगी लागते, फूड ग्रेड असेल तर अन्न परवाना वेगळा, प्रदूषण मंडळाची संमती बदलून घ्यावी लागेल. यात वेळ जातो, वेळापत्रकात धरा.

कार्बन क्रेडिटबद्दल थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण चेअरमनसाहेबांचं लक्ष तिथेच लागलेलं असणार. शीतपेयात गेलेला वायू बाटली उघडली की हवेत. तो साठवला गेला नाही, फक्त वाटेत विकला गेला. उसातून आलेला कार्बन हवेतलाच असतो, त्यामुळे त्याचं उत्सर्जन मुळात वाढीव धरलं जात नाही, आणि ‘हवेतून कायमचा काढून टाकला’ असं प्रमाणपत्र हवं असेल तर तो जमिनीखाली किंवा दगडात कायमचा गेला पाहिजे. केंद्राची कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना २०२३ मध्ये अधिसूचित झाली. ज्या क्षेत्रांना त्यात उत्सर्जनाचं बंधनकारक लक्ष्य आहे (सिमेंट, अॅल्युमिनियम, कागद वगैरे) त्यांत साखर नाही. म्हणजे तुमच्या डोक्यावर सक्ती नाही, आणि मिळकत ऐच्छिक मार्गानेच. युनिटाचं गणित क्रेडिटचा एक रुपयाही न धरता सुटत असेल तरच पुढे जा. क्रेडिट आलं तर वरकड.

मग जमिनीखाली का नाही? आपल्या पायाखाली तर दख्खनचा बेसॉल्ट आहे, आणि आइसलंडमध्ये बेसॉल्टमध्येच कार्बन डायऑक्साइडचा दगड केला, हे सादरीकरणात नक्की आलं असणार. खरं आहे. कार्बफिक्स प्रकल्पाने २०१२ मध्ये वायू पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये सोडला, आणि २०१६ च्या शोधनिबंधानुसार ९५ टक्क्यांहून जास्त वायूचं दोन वर्षांच्या आत खनिज झालं. वॉशिंग्टन राज्यात वॉलुलाला २०१३ मध्ये बेसॉल्टमध्येच सुमारे हजार टनांची चाचणी झाली. अमेरिकेतच डिकेटरला इथेनॉल कारखान्याच्या फर्मेंटरमधला वायू, म्हणजे तुमच्यासारखाच, २०११ ते २०१४ मध्ये सुमारे दहा लाख टन जमिनीखाली गेला. पण तो दोन किलोमीटर खोल वालुकाश्मात, वर जाड अभेद्य थर असलेल्या जागी.

आपल्याकडे काय आहे? वायू दाट होऊन नीट साठावा म्हणून साधारण ८०० मीटर खोली लागते. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटरची वैज्ञानिक बोअर घेतली, तिच्यात बेसॉल्ट ३३८ मीटरलाच संपला आणि खाली जुना स्फटिकी खडक लागला. पश्चिमेकडे बेसॉल्ट जाड होत जातो, आपल्या बाजूला तो पातळ. कार्बफिक्सची पाण्यात विरघळवण्याची रीत कमी खोलीत चालते, पण तिला एका टनाला सुमारे २५ टन पाणी लागतं. तुमच्या ३४ टनांना रोज साडेआठशे टन पाणी जमिनीत सोडायचं, तेही धाराशिव जिल्ह्यात. शिवाय आपल्या बेसॉल्टच्या सच्छिद्र थरांतच लोकांच्या विहिरी आणि बोअर आहेत. खाली सोडलेलं आम्लयुक्त पाणी कुणाच्या बोअरला जाऊन मिळेल, हे वर्षानुवर्षं मोजल्याशिवाय कुणी सांगू नये. आणि भूकंप पाहिलेल्या गावांत दाबाने काही जमिनीत सोडायचं म्हणालात, तर ग्रामसभेत जे प्रश्न येतील त्यांना उत्तर देण्याची तयारी हवी. ते प्रश्न रास्त असतील. हा संशोधनाचा विषय आहे, उत्तम विषय आहे, पण या हंगामाच्या अहवालात त्यावर पैसे मोजू नका.

सुरक्षेचं एक सांगून टाकते, कारण झाकणं बंद करून वायू पाइपात घेतला की धोका संपला असं वाटतं. हा वायू हवेच्या दीडपट जड असतो, खड्ड्यात, टाकीच्या तळाशी, कॉम्प्रेसरच्या खोलीत साचतो. आठ तासांच्या पाळीला अर्धा टक्का ही मर्यादा धरतात, चार टक्क्यांना जीव धोक्यात. फर्मेंटर धुवायला उतरणारा माणूस बहुतेक वेळा ठेकेदाराचा, रोजंदारीवरचा असतो. मीटर त्याच्या खिशाला लागला पाहिजे, ऑफिसच्या कपाटात नको. याचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.

काय काय तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे ते एकदा सलग बघा: टर्बाइनचा प्रकार, डिस्टिलरीचे खरे चालू दिवस, कच्चा माल कोणता, फर्मेंटर बंद झाकणाचे आहेत की उघडे, आणि शंभर-दीडशे किलोमीटरात लेखी करार करणारा ग्राहक आहे की नाही. शेवटच्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर फर्मेंटरचं युनिटसुद्धा आज घेऊ नका असंच मी म्हणेन. डिस्टिलरी १५-२० केएलपीडीची असती तर एवढं लिहिलंही नसतं. त्या मापाला कॉम्प्रेसर आणि रेफ्रिजरेशनचा खर्च सहसा अंगावर येतो.

पीएच.डी.बद्दल. नव्या अमाइन द्रावणांवर जगभर शेकड्यांनी निबंध निघतात. त्या गर्दीत शिरायला चांगली प्रयोगशाळा हवी. मुंबईच्या आयआयटीत केंद्र सरकारच्या मदतीने कार्बन कॅप्चरचं राष्ट्रीय केंद्र आहे, तिथे चौकशी करा. पण तुमच्याजवळ एक गोष्ट आहे जी तिथल्या विद्यार्थ्याजवळ नाही: चालू कारखाना. सल्फिटेशनच्या साखरेतलं सल्फाइट मोलॅसिसपर्यंत किती उतरतं, फर्मेंटरच्या वायूत ते कोणत्या तासाला गंधक म्हणून दिसतं, आणि आधीच कुठे थांबवलं तर कोळशाचा टॉवर किती टिकतो, यावर भारतीय कारखान्यातला सलग मोजमापांचा संच मी तरी पाहिलेला नाही. त्यावर एक चांगला प्रबंध होतो, आणि झाला तर शेजारचे दहा कारखाने तो वाचतील.

पंधरा दिवसांत एवढं करा. एका फर्मेंटरच्या व्हेंटला सॅम्पलिंग पॉइंट घ्या आणि एक पूर्ण बॅच, भरल्यापासून रिकामा होईपर्यंत, दर तासाला कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन आणि हायड्रोजन सल्फाइड मोजा. साधा डिटेक्टर आणि गॅस ट्यूब पुरतात. त्याच बॅचच्या मोलॅसिसमधलं सल्फाइट केमिस्टकडून काढून घ्या. मे महिन्यातलं कूलिंग टॉवरच्या पाण्याचं तापमान मागच्या वर्षीच्या लॉगशीटमधून उतरवा. आणि गेल्या तीन वर्षांत डिस्टिलरी नेमकी किती दिवस चालली ते डिस्टिलरी मॅनेजरला विचारा, अकाउंट्सला नाही. हे इथे टाका, मी कॉम्प्रेसरचं माप आणि कोळशाचा अंदाज काढून देते. सल्लागाराला पुढच्या बैठकीत हेच चार आकडे विचारून बघा. त्याच्याकडे असतील तर त्याचंही ऐकू.